मागचं मडगार्ड

त्रेसष्ट सालच्या जानेवारीतला तो रविवार कौसल्याला पुढे तासातासानं आठवत राहिला, पण लक्षात ठेवण्यासारखं त्या दिवशी काही घडलंच नव्हतं. सकाळी ती नळावरून घागर भरून आली तेव्हा बाबांनी अंगणात पोतं अंथरून त्यावर सायकल उलटी उभी केली होती. शेजारी जुन्या वर्तमानपत्रावर नट, बोल्ट, वायसर यांच्या ओळी लावल्या होत्या, पलटणीत साहेबाच्या तपासणीला सामान मांडतात तशा. भिंतीला दोन कोरी काळी मडगार्डं टेकवलेली होती आणि त्यांच्या पायाशी बाबांनी स्वतः लोखंडी पट्टी वाकवून बनवलेलं पुढचं कॅरियर पडलं होतं.

“कौशे, हात मोकळा हाय का? मग हितं धर जरा.”

केरू भागा मोरे यांनी बावीस वर्षं फौजेत काढली होती, त्यातली निम्मी फौजेच्या वर्कशॉपात. पेन्शनीत आल्यावर ते मेढ्याकडच्या आपल्या गावी राहायला गेले नाहीत. साताऱ्याच्या सदरबझारात दोन खोल्या घेतल्या आणि स्टोव्ह, शिलाईची मशीनं, पाण्याचे पंप दुरुस्त करू लागले. उरलेला जीव सायकलीत. वाई, शिरवळ, एकदा पुणे, एकदा कोल्हापूर असं ते सायकलीनं जाऊन आले होते. एस.टी.त बसलं की झोप लागते आणि गावं बघायची राहतात, एवढंच कारण ते सांगायचे. आता त्यांना सांगलीला जायचं होतं. कौसल्या तीन वर्षं सांगलीत मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होती, आणि तिची खोली त्यांनी अजून पाहिली नव्हती.

तिनं मागचं मडगार्ड दोन्ही हातांनी चाकावर धरलं. बाबांनी टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटभर जाडीची दोरी सरकवली, म्हणजे सगळीकडे अंतर सारखं राहावं. मग मडगार्डाच्या सळ्यांची टोकं चाकाच्या आसापाशी आणून एकेक नट नुसत्या बोटांनी फिरवला. जवळ पडलेला पाना तिनं उचलून नटाला लावला, तशी त्यांनी तिच्या मनगटावर चापट मारली. ग्रीसची काळी बोटं उमटली.

“आवळू नगं. आत्ता सगळं नुसतं बोटानं.”

“मग सुटेल ना.”

“सुटंल न्हाई तर काय. पर आदी आवळलंस आन् मग वर ओझं टाकलंस, तर कॅरियर बसतंय खाली आन् मडगार्ड जातंय वाकडं. समदं ढिलं धरायचं, सायकल सुलटी करायची, ओझं बांदायचं, चाक फिरवून बगायचं, आन् मग पाना. सायबास्नी बी हेच सांगून दमलो मी.”

“साहेब ऐकायचे?”

“सायेब कसला ऐकतोय. त्यो वाटंत पडल्यावर ऐकतोय.”

घरातून आई म्हणाली, “लेकीला तरी सोडा. आठ दिसांनी आलीया, तिचं हात काळं करून धाडताय.”

“काळं हात धुता येत्यात,” बाबा म्हणाले.

ओझं म्हणजे तांदूळ. गावाकडच्या वाट्याच्या खाचरातला यंदाचा, चार पायल्या. बाबांनी तो पोत्यात भरून तोंड सुतळीनं शिवून दाराआड ठेवला होता. तो कौसल्यासाठी नव्हता, आक्काताईसाठी होता.

आक्काताई पाटील ही कौसल्याची सांगलीतली घरमालकीण. पलूसकडे तिचा ऊस होता, तो मुलगा बघायचा. नवरा फौजेत सुभेदार होता, त्याला जाऊन सात वर्षं झाली होती. खणभागातल्या घरात ती एकटी राहायची आणि मागची खोली भाड्यानं द्यायची. तिच्याआधी कौसल्यानं दोन घरं पाहिली होती. दोन्हीकडे पहिल्यांदा आडनाव विचारलं, मग गाव, आणि मग “म्हणजे तुम्ही कोण?” असं सरळच. तिनंही सरळ सांगितलं, आणि दोन्हीकडची खोली आदल्याच दिवशी कुणा भाचीला दिलेली निघाली. आक्काताईनं तो तिसरा प्रश्न विचारलाच नाही. “मोरे? मेढ्याकडचं?” ती म्हणाली, “म्हंजे जावळीचं मोरं. सरदाराचं घरानं. आगं, तुमी तर आमच्यापरास वरचं. च्या घे.”

मेढ्याच्या मुलखात सरदारांच्या कुळातले मोरे होते, तसे गावाबाहेरच्या वस्तीतलेही मोरे होते, छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेले. पण पलूसच्या पाटलिणीला मोरे म्हटल्यावर सरदारच आठवणार. कौसल्यानं तिला खोटं एक अक्षरही सांगितलं नव्हतं. तीन वर्षं ती फक्त चहा घेत होती.

हे तिनं पहिल्याच सुट्टीत घरी येऊन सांगितलं होतं, हसत. बाबाही हसले होते. “बरं झालं,” म्हणाले होते, “आयतं सरदार झालो.” त्यानंतर तीन वर्षांत त्यांनी सांगलीचं नाव काढलं नव्हतं, आणि तिनंही ‘या’ म्हटलं नव्हतं.

आता दुसऱ्या सळीचा नट फिरवता फिरवता ते म्हणाले, “बेस्तरवारी निगतो. रातीला इस्लामपुरात, बिराप्पाकडं. वर्कशॉपात माझ्यासंगं हुता. सुक्कीरवारी दुपारी तुझ्याकडं.” नट थोडा अडला. त्यांनी तो उलटा फिरवून पुन्हा बसवला. “तुझ्या आक्काताईला सांगून ठेव, गावाकडनं गडी येतोय तांदूळ घिऊन. मी दारातनंच देतो. तुझी खोली बगतो, घोटभर पानी पितो आन् जातो माघारी. तुला बाबा-बिबा म्हनायचं काम न्हाई. मला सवं हाय. फौजंत लय सायबांचा गडी झालोय.”

हे त्यांनी वायसर मागताना जसा आवाज असे तशाच आवाजात सांगितलं. लगेच पुढे म्हणाले, “वायसर दे.”

तिनं वायसर दिलं. मडगार्ड तिच्या दोन्ही हातांत होतं आणि ते सोडलं असतं तर सळ्या निसटल्या असत्या. बोलायला मात्र हात लागत नाहीत. ती चाकाच्या तारांकडे बघत राहिली. बाबा थोडा वेळ थांबले, म्हणजे नटासाठी थांबावं लागतं त्याहून थोडा जास्त, आणि मग दुसऱ्या बाजूला सरकले.

“जुन्या मडगार्डांना काय झालं होतं?” तिनं विचारलं.

“वाजत हुती.”

“मला तर चांगली वाटायची.”

“पाऊनशे मैल टिनटिन ऐकत गेल्यावर कळंल.”

दुपारी दोघांनी मिळून सायकल सुलटी केली. पुढचं कॅरियर पुढच्या चाकाच्या चिमट्यावर बसलं, मागचं सीटखाली. सगळं जागच्या जागी होतं आणि सगळं सैल होतं. हँडल हलवलं की सायकल खुळखुळ्यासारखी वाजत होती. कौसल्याची एस.टी. साडेतीनची होती. तिनं पिशवी उचलली.

“आलो असतो स्टँडवर,” बाबा म्हणाले, “पर हात असं झाल्यात.”

“असू द्या,” ती म्हणाली.

यापलीकडे काही नाही. सोमवारी सकाळी नळावर बादली भरताना ते छाती धरून खाली बसले आणि तिथून उठले नाहीत.

तार दुपारी शाळेत आली. मोठ्या बाईंनी तिला वर्गाबाहेर बोलावलं आणि कागद हातात दिला. तिनं तो वाचला, घडी घातली आणि वर्गात परत गेली. तास संपायला बारा मिनिटं होती. राहिलेलं कडवं तिनं समजावून सांगितलं, दोन मुलींना प्रश्न विचारले, एकीचं उत्तर चुकलं ते दुरुस्त केलं. घंटा झाल्यावर फळा पुसताना तिला आपल्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली ग्रीसचा डाग दिसला. मग तिनं कार्यालयात बसून रजेचा अर्ज लिहिला, चांगल्या अक्षरात, आणि तारखेखाली सही करताना वार चुकला नाही ना ते पाहिलं.

आक्काताई तिला सोडायला स्टँडवर आली. वाटेसाठी तिनं भाकरी-चटणी बांधून घेतली होती, ती जबरदस्तीनं पिशवीत घातली. ही बाई मनानं वाईट नव्हती. तिचा भाचा सरहद्दीवर होता, लढाई थांबून दोन महिने झाले तरी तिकडेच होता. त्याचं पत्र आलं की ती संध्याकाळी कौसल्याच्या खोलीच्या दारात येऊन बसायची, कागद पुढे करायची आणि म्हणायची, “वाच.” तिला अक्षरओळख नव्हती. पत्रच काय, औषधाच्या बाटलीवरचं, पिठाच्या पिशवीवरचं, देवळाच्या पावतीवरचं, जे लिहिलेलं दिसेल ते ती कौसल्यापुढे धरायची. भाच्याच्या पत्रात बर्फात बोटं गेलेल्या माणसांबद्दल असायचं, परत न आलेल्यांबद्दल असायचं. तेवढ्या ओळी कौसल्या वगळायची. न अडखळता वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर उतरायची तिला सवय झाली होती.

“तेराव्याला मी येते,” आक्काताई खिडकीशी उभी राहून म्हणाली. “जावळीच्या मोऱ्यांच्या घरी न बोलावता बी यायला पायजे मानसानं.”

“नको, आक्काताई. लांब पडेल तुम्हाला.”

“लांब कसलं? मी पलूसला जात न्हाई व्हय?”

“घरात फार माणसं असतील.”

“बरं,” आक्काताई म्हणाली. “तुमची मोठी मानसं. जा. भाकर खा, न्हाईतर तशीच ठेवशील.”

ती भाकरी तशीच राहिली.

साताऱ्याला पोचली तेव्हा माती द्यायला सगळे तिच्यासाठी थांबले होते. कंदिलाच्या उजेडात सगळं उरकलं. पंचशील म्हणताना तिचा आवाज इतरांच्या आवाजात नीट मिसळला, शब्द चुकले नाहीत. आपण केव्हा रडणार आहोत असा विचार तिच्या मनात दोन-तीनदा येऊन गेला, गाडी किती वाजता आहे असा यावा तसा. येणारी माणसं आईच्या गळ्यात पडत होती आणि आई त्यांना सांभाळत होती. कौसल्या चहा ठेवत होती. किती कप लागतील हे तिला बरोबर कळत होतं.

सायकल अंगणात भिंतीशी उभी होती. रविवारी संध्याकाळी बाबांनी तिला हात लावला नव्हता. सोमवारी तांदूळ चढवून आवळायचं असं त्यांनी ठरवलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागायचा आणि ती खुळखुळायची. कुणी चप्पल काढताना कॅरियरला धरायचं, कुणाच्या पदराला सळी अडकायची. एकदा शेजारच्या तात्याबानं, हाही पलटणीतलाच, वाकून पाहिलं आणि म्हणाला, “केरबानं हे अर्धंच ठेवलं की. टैट करून देऊ का, पोरी?”

“नको, काका.”

“आगं, पडंल एकांदा नट.”

“पडू द्या. मी उचलीन.”

तात्याबा आत जाऊन बसला.

रात्री झोप लागायची, सकाळी जाग यायची. आठव्या दिवशी पुण्यानुमोदनाला गावाकडची माणसं आली, जेवली, गेली. चौदाव्या दिवशी घर एकदम रिकामं झालं. सकाळची भांडी घासून झाल्यावर कौसल्या अंगणात आली. सायकलीपाशी जमिनीवर एक नट पडला होता. तिनं तो उचलला, फुंकर मारून माती काढली आणि तळहातावर ठेवून पाहिला. मागच्या मडगार्डाच्या डाव्या सळीचा होता, त्या दिवशी अडला होता तोच. तिनं आतून हत्यारांची पेटी आणली आणि दाराआडचं तांदळाचं पोतं ओढत बाहेर काढलं.

आई उंबऱ्यात येऊन बसली. “काय करतीस?”

“आवळून टाकते. सांगलीला नेते. तांदूळ आक्काताईला द्यायचा होता.”

“सायकल कशाला न्हेतीस?”

“मग तांदूळ कशावर नेऊ?” ती म्हणाली.

आई उठून आत गेली, आणि कॉटखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फाटक्या लुगड्यात गुंडाळलेलं लांबट काही होतं. तिनं ते कौसल्यासमोर ठेवलं.

“मग हे लाव.”

ते जुनं मागचं मडगार्ड होतं. काळा रंग जुना झाला होता पण पत्रा सरळ होता, कुठं गंज नव्हता. खालच्या रुंद टोकाला पांढऱ्या रंगात तीन ओळी होत्या. या ओळी कौसल्या लहानपणापासून बघत आली होती, इतकी की त्यांच्याकडे बघायचं सोडून किती वर्षं झाली हेही तिला सांगता आलं नसतं. छप्पन्न सालानंतर तिसरी ओळ आली होती. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी बाबा बारीक ब्रश घेऊन अक्षरांवर पुन्हा रंग फिरवायचे.

के. भा. मोरे
हवालदार, सातारा
जय भीम

कौसल्यानं बोटाच्या पेरानं पत्र्यावर टकटक केलं. मग मडगार्ड दोन्ही हातांत धरून हलवलं.

“हे वाजत नव्हतं,” ती म्हणाली.

“न्हाई.”

“मग?”

आईनं लुगड्याच्या चिंधीची घडी घातली. “सांगलीला जायचं ठरलं तवा त्यांनी काढलं. म्हनलं, दारात सायकल लावली आन् कुनी वाचलं तर पोरीला जड जाईल. मी म्हनलं, नवी कशाला, त्या अक्षरावर काळा रंग मारा. तर म्हनलं, त्याच्यावर काळा मी मारायचा न्हाई. काढून ठेवतो. माघारी आलो की परत लावतो.”

आईच्या बोलण्यात कसलाच आरोप नव्हता. पोत्याचं तोंड कुठल्या सुतळीनं शिवलं हे सांगावं तसं तिनं सांगितलं.

कौसल्यानं पाना घेतला. सायकल पुन्हा उलटी केली. नवं मागचं मडगार्ड उतरवायला पाना लागलाच नाही, सगळे नट बोटांनी निघाले. जुनं चढवलं. दोरी सापडली नाही, म्हणून आईनं परकराची जुनी नाडी दिली, ती दुमडून टायरखाली सरकवली. एकेक नट बोटांनी फिरवला. डाव्या सळीचा तो नट पुन्हा अडला. उलटा फिरवून पुन्हा बसवला.

मग सायकल सुलटी करून आईला हँडल धरायला सांगितलं. पोतं उचलून मागच्या कॅरियरवर ठेवलं आणि दोरखंडानं बांधलं. बाबांची फौजेतली घोंगडी वळकटी करून पुढच्या कॅरियरवर आली. कॅरियर खरंच खाली बसलं, करंगळीच्या पेराएवढं, आणि मडगार्ड त्याच्याबरोबर एका बाजूला कललं. आधी आवळलं असतं तर ते तसंच वाकडं राहिलं असतं. तिनं ते हातानं मधोमध आणलं. मागचं चाक उचलून फिरवलं, कान लावला. कुठं घासत नव्हतं. मग पाना लावला. सीटखालचे दोन, आसापाशी दोन्हीकडचे, चिमट्यावरचे. शेवटचा नट आवळून झाल्यावर तिनं हँडल धरून सायकल हलवली. काही वाजलं नाही. दोन आठवडे कानात असलेला तो खुळखुळाट थांबल्यावर अंगण फार मोठं वाटलं.

“झालं?” आईनं विचारलं.

“झालं.”

“चाक बगितलंस फिरवून?”

“बघितलं.”

“त्यांनी दोनदा बगितलं असतं,” आई म्हणाली. कौसल्यानं दुसऱ्यांदा फिरवून पाहिलं.

नवी मडगार्डं आणली होती ती दोन. पुढचं तसंच राहू दिलं. मागचं नवं तिनं चिंधीत गुंडाळून कॉटखाली सरकवलं.

दुसऱ्या दिवशी हमालानं सायकल एस.टी.च्या टपावर चढवली. कऱ्हाड गेलं, इस्लामपूर गेलं. बिराप्पाला कुणी कळवलं का, की तो त्या गुरुवारी रात्री वाट बघत बसला असेल, हे इस्लामपुरात तिच्या लक्षात आलं आणि गाडी सुटल्यावर पत्र लिहायचं तिनं ठरवलं. दोन्हीकडे ऊस उभा होता. एस.टी.त झोप लागते असं बाबा म्हणायचे, पण तिला लागली नाही. तिनं सगळी गावं पाहिली.

सांगली स्टँडवर तिनं पोतं आणि वळकटी पुन्हा बांधली आणि सायकल ढकलत खणभागाकडे निघाली. सायकलवर बसून जाता आलं असतं. बाबांनीच शिकवली होती. पण एवढं ओझं घेऊन गर्दीतून नेण्याचा तिला धीर झाला नाही. रस्त्यातली माणसं वळून बघत होती. शाळेच्या दोन मुली समोरून आल्या, नमस्कार करून बाजूला उभ्या राहिल्या. त्या मागून मडगार्डावरचं वाचणार हे तिला कळलं. ती सरळ चालत राहिली.

आक्काताई ओसरीवर सूप घेऊन हरभरा निवडत होती. तिला पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

“आलीस? किती वाळलीस गं. बस. न्हाई, आदी पाय धू.” मग तिची नजर सायकलीवर गेली. “ही कुनाची? गडी सोडून गेला व्हय? त्याला थांबवायचं न्हाईस का, भाकर खाऊन गेला असता.”

“गडी नव्हता. मीच आणली.”

“स्टँडपासनं? मोऱ्यांची लेक, आन् सायकल ढकलत? लोकं बगत आसतील.”

“बघत होते.”

“बगू देत,” आक्काताई म्हणाली. “मेल्यांना दुसरं काम काय.”

कौसल्यानं सायकल अंगणात मधोमध स्टँडवर लावली आणि दोरखंड सोडला. दोघींनी मिळून पोतं ओसरीवर घेतलं. “तुमच्यासाठी आहे,” ती म्हणाली. “माझ्या वडिलांनी भरून ठेवला होता.”

आक्काताईनं सुतळीचं टोक शोधलं आणि एका ओढीत शिवण उसवली. आत हात घातला, मूठभर तांदूळ नाकाशी नेला. “वास बग की. जावळीचा हाय म्हनून सांगायला नगं.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिनं उलट्या हातानं पुसलं. “मला कवा बगितलं न्हाई त्या मानसानं, आन् माझ्यासाठी पोतं शिवून ठेवलं. मी यायला पायजे हुतं तेराव्याला. तू नगं म्हनलीस.”

“हो. मी नको म्हटलं.”

“एकडाव तरी आनायचं हुतंस त्यांना हितं. आमचं सुभेदार असतं तर दोगं रातभर बोलत बसलं असतं.”

आक्काताई पुन्हा पोत्यात हात घालून तांदूळ ढवळू लागली आणि ढवळता ढवळता तिची नजर अंगणात गेली. ओसरीवरून सायकलीची मागची बाजू समोरच येत होती. दुपारच्या उन्हात पांढरी अक्षरं स्पष्ट होती.

“त्येच्यावर काय लिवलंय गं?” आक्काताई म्हणाली. “वाच.”

तीन वर्षं संध्याकाळी म्हणायची तसंच ती म्हणाली. कौसल्या तशीच उभी राहिली, पत्र हातात घेऊन उभी राहायची तशी.

“के. भा. मोरे,” तिनं वाचलं. “हवालदार, सातारा.”

“आगं, हवालदार? मला कवा बोलली न्हाईस ते. म्हंजे फौजंतलंच की.” आक्काताई खूश झाली होती. “आन् खाली? खाली आनी हाय की कायतरी.”

खाली आणखी होतं. ती ओळ वगळता आली असती. ‘सातारा जिल्हा’ म्हटलं असतं, ‘मुक्काम सदरबझार’ म्हटलं असतं, आवाज अडखळला नसता आणि आक्काताईला कधी कळलं नसतं. संध्याकाळी हाच तांदूळ शिजला असता आणि दोघी शेजारी बसून जेवल्या असत्या. खोली होती, शाळा दहा मिनिटांवर होती, आणि या गावात तिला पहिल्या दोन घरांतल्या ‘भाच्या’ अजून आठवत होत्या.

“जय भीम,” कौसल्यानं वाचलं.

आक्काताईचा हात तांदळात होता. तो हलायचा थांबला.

“आम्ही जावळीचे सरदार मोरे नव्हे, आक्काताई. आम्ही महार होतो. आता बौद्ध आहोत. तुम्ही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.”

आक्काताईनं हात बाहेर काढला नाही आणि आतही नेला नाही. ती कौसल्याकडे बघत होती, पण कौसल्याला तिच्या चेहऱ्यावरचं वाचायची घाई नव्हती. हे सांगणं इतकं सोपं निघेल असं तिला वाटलं नव्हतं. आवाज वर्गातल्यासारखा साधा आला होता. सांगून झालं असं मात्र वाटेना. छातीत काहीतरी अजून जागच्या जागी होतं आणि सैल होतं. ती ओसरीची पायरी उतरून सायकलीपाशी गेली आणि मागच्या मडगार्डावर हात ठेवला, त्या रविवारी धरलं होतं तिथंच.

“ते त्या शुक्रवारी इथं यायचे होते,” ती म्हणाली. “गडी म्हणून येतो म्हणाले. तुम्हाला तसंच सांग म्हणाले. त्यासाठी त्यांनी हे काढून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी समोर उभी होते. ते माझ्या बोलण्याची वाट बघत थांबले होते, ते मला दिसत होतं. मी गप्प बसले.”

पत्रा उन्हानं तापला होता. तिनं हात काढला नाही.

“गडी म्हणून नको,” ती म्हणाली, आणि आता ती आक्काताईशी बोलत नव्हती. “बाबा, तुम्ही बाबा म्हणून या.”